अमेरिकेच्या यादवी युद्धात सहाव्या इलिनॉय घोडदळाने नेमकं काय केलं?

ही उत्तरेच्या बाजूची स्वयंसेवक रेजिमेंट १८६१ मध्ये उभी राहिली. लढली तशी बरीच, डिसेंबर १८६४ च्या नॅशव्हिलच्या लढाईतही होती, पण नाव झालं ते १८६३ च्या सोळा दिवसांमुळे.

१७ एप्रिलला ही रेजिमेंट, सातवी इलिनॉय आणि दुसरी आयोवा मिळून सुमारे १७०० स्वार टेनेसीतल्या ला ग्रेंजहून निघाले. प्रमुख बेंजामिन ग्रीअर्सन, पेशाने संगीत शिक्षक. लहानपणी घोड्याची लाथ तोंडावर बसलेली, त्यामुळे घोडे त्याला मुळीच आवडत नसत!

दक्षिणेच्या ताब्यातल्या व्हिक्सबर्ग शहराजवळ उत्तरेचा सेनापती ग्रँट याला मिसिसिपी नदी ओलांडायची होती. तोवर शत्रूला भलतीकडे गुंतवायचं हे यांचं काम. वाटेत आयोवावाल्यांना मुद्दाम मागे पाठवलं, म्हणजे पाठलाग करणारे त्यांच्याच मागे लागतील. पुढे सातव्या इलिनॉयचे काही जण दक्षिणेकडच्यांच्या वेषात टेहळणी करत. २४ एप्रिलला मिसिसिपी राज्यातल्या न्यूटन स्टेशनवर दोन रेल्वेगाड्या पकडल्या, दारूगोळा जाळला, रूळ उखडले.

२ मे रोजी लुइझियानातलं, उत्तरेच्या ताब्यातलं बॅटन रूज शहर गाठलं तेव्हा स्वार खोगिरातच पेंगत होते. शहराबाहेरच्या शेवटच्या मुक्कामात झोप लागू नये म्हणून ग्रीअर्सन एका घरात चक्क पियानो वाजवत बसला होता. सुमारे ६०० मैलांच्या दौडीत मेले फक्त तिघे.