बेल्ट एका बाजूला जातोय? आयडलरला हात लावण्याआधी चुटीत टॉर्च मारा

तुम्ही विचारलंय की कोल हँडलिंगमधला (कोळसा वाहून नेणाऱ्या विभागातला) तुमचा 1200 मि.मी. रुंदीचा कन्व्हेयर बेल्ट पावसाळा सुरू झाल्यापासून टेलच्या (माल पडतो त्या मागच्या टोकाच्या) पुढे उजवीकडे जातो, स्वे स्विच (बेल्ट बाजूला गेला की तो बंद करणारा स्विच) ट्रिप होतो, सहा आयडलर (बेल्टला आधार देणारे रोलर) बदलले, सेल्फ अलाइनिंग आयडलरही (स्वतः फिरून बेल्ट मध्ये आणणारे) बसवले, तरी फरक नाही. आता काय करायचं?

आयडलर बदलणं थांबवा. सहा बदलूनही फरक पडला नाही, म्हणजे दोष तिथे नाही हे तुम्हीच शोधून काढलंय. तुम्ही लिहिलेल्यात माझ्या दृष्टीनं सगळ्यात महत्त्वाचे शब्द आहेत ‘पावसाळा सुरू झाल्यापासून’. आयडलरला पावसाळा कळत नाही. कोळशाला कळतो.

मी विदर्भातल्या एका औष्णिक वीज केंद्रात 26 वर्षं कोल हँडलिंगच्या मेंटेनन्सला होतो. उन्हाळ्यात धूळ आणि पावसाळ्यात चिखल, या दोनच ऋतूंत आमचं वर्ष जायचं. जुलैत खाणीतून येणारा कोळसा ओला, त्यात बारीक चुरा आणि माती. तो चुटीच्या, म्हणजे वरच्या कन्व्हेयरवरचा कोळसा या बेल्टवर सोडणाऱ्या पेटीच्या, भिंतीला असा धरतो की मळलेली कणीक परातीला चिकटावी. हा थर कधीच दोन्ही बाजूंना सारखा बसत नाही. एका कोपऱ्यात आधी धरतो, तिथेच वाढत जातो, आणि वरून येणारा कोळसा त्या थरावर आपटून दुसऱ्या बाजूला फेकला जातो.

आता पुढचं नीट लक्षात घ्या, कारण इथेच बहुतेकांचा उलटा समज असतो. माल डावीकडे जास्त पडला तर बेल्ट डावीकडे जाईल असं वाटतं. होतं नेमकं उलट. तीन रोलरच्या आयडलरवर बेल्ट पन्हळीसारखा बसलेला असतो, बाजूचे रोलर साधारण 35 अंशांत उचललेले. पन्हळीतला जड माल तळाकडे सरकायला बघतो. डावीकडचा ढीग मध्याकडे येताना बेल्टलाही बरोबर घेऊन येतो, आणि हलकी असलेली उजवी कड वर चढत बाहेर निघते. तुमचा बेल्ट उजवीकडे जातोय, म्हणजे कोळसा डावीकडे पडत असावा आणि चुटीत थर उजव्या भिंतीला धरला असावा. हा माझा अंदाज आहे. खात्री तुम्हीच करायची, आणि त्याला पाच मिनिटं लागतात.

आमच्याकडे एकदा हेच झालं होतं. दोन दिवस आम्ही टेलच्या पुढचे आयडलर हातोड्यानं इकडे-तिकडे करत होतो. एक सरळ केला की पुढचा बिघडायचा. कोळसा साठवायचा बंकर रिकामा होत चाललेला, कंट्रोल रूममधून दर अर्ध्या तासाला फोन. तिसऱ्या रात्री आमच्यातले सगळ्यात जुने फिटर आले. त्यांनी पाना हातात घेतलाच नाही. चुटीचं इन्स्पेक्शन डोअर आहे त्या प्लॅटफॉर्मवर बाहेरच्या बाजूला उभे राहिले, टॉर्च स्कर्टच्या (चुटीखाली बेल्टच्या दोन्ही बाजूंना लावलेल्या पट्ट्यांच्या) तोंडाशी धरला आणि बेल्टवर कोळशाचा ढीग कसा बसतोय ते नुसतं बघत राहिले. मग मला बोलावून म्हणाले, ‘बघ, शिखर कुठाय?’ ढिगाचं शिखर मध्यापासून हातभर डावीकडे होतं. शटडाउन घेऊन डोअर उघडलं तर उजव्या भिंतीला दीड फूट जाडीचा काळा गिलावा. तो सबलीनं पाडला, बेल्ट सुरू केला. कुठल्याही आयडलरला न शिवता बेल्ट मध्ये आला. आदल्या दोन दिवसांत आम्ही वाकडे करून ठेवलेले आयडलर परत सरळ करायला मात्र पुढचा आख्खा दिवस गेला.

म्हणून तुम्ही आधी हे करा. बेल्ट रिकामा चालवा. रिकामा मध्यात चालतो आणि माल पडला की बाहेर जातो, असं असेल तर दोष लोडिंगचा, चूट बघा. रिकामाही त्याच जागी बाहेर जात असेल, तर त्या जागेच्या थोडं आधी एखादा आयडलर तिरका आहे, नाहीतर स्ट्रक्चर खचलंय. दोष बेल्ट बाहेर जातो तिथे नसतो, त्याच्या मागे असतो, हे विसरू नका. आणि तिसरा प्रकार असा की जागा बदलत राहते, पण बेल्टचा तोच तुकडा जिथे जाईल तिथे बाहेर निघतो. मग दोष बेल्टमध्येच. बहुतेक वेळा बेल्टची दोन टोकं जोडणारा जॉइंट काटकोनात बसलेला नसतो.

हा तिसरा प्रकार ओळखायला खडू आणि घड्याळ पुरतं. बेल्ट बंद असताना जॉइंटवर खडूनं जाड रेघ मारा. समजा कन्व्हेयर टेल पुलीपासून हेड पुलीपर्यंत (माल सोडणाऱ्या टोकापर्यंत) सेंटर ते सेंटर 400 मीटर आहे, तर बेल्टची पूर्ण लांबी साधारण 810 मीटर. वेग सेकंदाला 2.6 मीटर असेल तर एक फेरा 311 सेकंदांत, म्हणजे सव्वापाच मिनिटांच्या आसपास. बेल्ट दर सव्वापाच मिनिटांनी बाहेर जात असेल आणि त्या वेळी खडूची रेघ समोर येत असेल, तर आणखी शोधायला नको. जॉइंट कापून नव्यानं करावा लागेल. तो घाईनं करू देऊ नका. हॉट जॉइंटला (रबर तापवून आणि दाबून केलेल्या जोडाला) साधारण 140 ते 150 अंश सेल्सिअस तापमान, पुरेसा दाब आणि ठरलेला वेळ लागतो, आणि प्रेस थंड व्हायच्या आधी उघडली तर रबर फुगतं. त्याआधी दोन्ही टोकांची मध्यरेषा ताणलेल्या दोऱ्यानं जुळवून बघा. कडेला पट्टी लावून काटकोन काढू नका, जुन्या बेल्टची कड झिजून कमीजास्त झालेली असते.

आयडलर खरोखरच तिरका निघाला तर एक नियम पाठ करा: बेल्ट रोलरच्या ज्या टोकाला आधी भेटतो त्या टोकाकडे सरकतो. पटत नसेल तर घरी टेबलावर दोन गोल पेन्सिली समांतर ठेवा, वर वही ठेवून पुढे ढकला. मग एक पेन्सिल थोडी तिरकी करून पुन्हा ढकला, वही कुठे जाते ते दिसेल. तर बेल्ट उजवीकडे जात असेल तेव्हा आयडलरचं उजवं टोक बेल्टच्या चालीच्या दिशेनं किंचित पुढे घ्यायचं. किंचित म्हणजे बोल्टच्या भोकात जेवढी जागा असते तेवढंच. एका वेळी एकच आयडलर, मग बेल्ट दोन-तीन पूर्ण फेरे चालू द्यायचा आणि मगच पुढचा. पाच मिनिटं थांबायचा धीर नसतो म्हणून लोक एकदम दहा आयडलर फिरवतात आणि कशामुळे काय झालं ते कुणालाच कळत नाही. पुलीला मात्र या कामासाठी कधी हलवू नका. हेड असो, टेल असो, ती मध्यरेषेला काटकोनात आणि लेव्हलमध्येच हवी.

रिटर्न साइडही (बेल्ट रिकामा परत येतो ती खालची बाजू) बघून घ्या. बेल्ट खरवडून साफ करणारा स्क्रॅपर झिजला असेल तर ओला कोळसा बेल्टला चिकटून मागे येतो आणि स्नब पुलीवर (हेड किंवा टेलजवळ बेल्ट वळवणाऱ्या छोट्या पुलीवर), रिटर्न रोलरवर त्याचे थर बसतात. मग रोलर गोल राहत नाही, आणि पुली एका टोकाला जाड झाली की बेल्ट सरळ चालणं शक्यच नाही. टेलच्या आधीचा व्ही प्लाऊ (बेल्टवर पडलेला कोळसा बाजूला सारणारी व्ही आकाराची पट्टी) जागेवर आहे का तेही बघा. आणखी एक विचारतो: हल्ली बेल्ट बदललाय का? जास्त प्लायचा (कापडाच्या जास्त थरांचा), जाड आणि कडक बेल्ट टाकला तर रिकामा असताना तो मधल्या रोलरवर टेकतच नाही, नुसता दोन्ही कडांवर तरंगतो आणि वाट्टेल तिकडे फिरतो. त्यात आयडलरचा काही दोष नसतो.

सेल्फ अलाइनिंग आयडलरबद्दल माझं मत स्पष्ट आहे. चांगली वस्तू आहे, पण कोळशाच्या धुळीत त्याची मधली पिव्हट (ज्या खिळीवर तो फिरतो ती) काही महिन्यांत जाम होते आणि मग तोच आयडलर तिरका अडकून बेल्ट बाहेर ढकलतो. तुम्ही नवे लावलेत, ते हातानं फिरतात का ते शटडाउनमध्ये तपासा.

चूट हेच कारण निघालं तर थर पाडणं हा आठवड्याचा उपाय झाला. कायमचा उपाय म्हणजे आत गुळगुळीत लायनर (अस्तर), भिंतीचा उतार पुरेसा उभा, आणि कोळसा मध्यावर आणून बेल्टच्याच दिशेनं सोडणारी डिफ्लेक्टर प्लेट. प्लेट सरकवता येईल अशी बनवून घ्या, कारण सुक्या आणि ओल्या कोळशाची उडी वेगळी असते. तोवर पावसाळ्यात दर पाळीला चूट बघायचं काम लॉगबुकमध्ये घाला.

आता जे सांगतोय ते तुम्ही विचारलेलं नाही, तरी वाचाच. बेल्ट ट्रिप होतोय म्हणून स्वे स्विच तारेनं बांधून ठेवायला तुम्हाला कुणीतरी सांगेल, कदाचित सांगितलंही असेल. करू नका. बाहेर गेलेला बेल्ट स्ट्रक्चरला घासतो, कड सोलली जाते, खाली कोळसा सांडतो, त्या ढिगात रोलर रुतून जाम होतो आणि तापतो. 1950 च्या सप्टेंबरात इंग्लंडमधल्या डर्बीशरच्या क्रेसवेल खाणीत फाटलेल्या बेल्टचा तुकडा ट्रान्सफर पॉइंटच्या चुटीत अडकला, घर्षणानं पेटला, आणि जमिनीखाली 80 माणसं मेली. खाणीत आग न धरणारे बेल्ट वापरायचा आग्रह त्यानंतर वाढला. आपल्याकडे भूमिगत खाणींच्या अशा बेल्टसाठी आयएस 3181 हे मानक आहे.

आणि चालू बेल्टच्या टेल पुलीवरचा कोळसा कुणालाही खरवडू देऊ नका. आमच्याकडे एका कंत्राटी मदतनिसानं ते केलं. फावडं पुली आणि बेल्टच्या मध्ये ओढलं गेलं. सेकंदाला 2.6 मीटर म्हणजे अर्ध्या सेकंदात सव्वा मीटरहून जास्त. हातातली वस्तू ओढली गेली की मूठ सुटायच्या ऐवजी आणखी घट्ट होते. कुणीतरी पुल कॉर्ड (बेल्ट थांबवायची दोरी) ओढली, बेल्ट थांबला, पण त्या पोराचा हात कोपरापासून गेला. पुलीवरची संरक्षक जाळी काढून बाजूला उभी करून ठेवलेली होती, कारण जाळी लावली की साफ करायला वेळ लागतो. चोवीस वर्षांचा होता तो. म्हणून परमिट (कामाची लेखी परवानगी), ब्रेकर बाहेर (मोटरची वीज तोडलेली), स्वतःचं कुलूप, किल्ली स्वतःच्या खिशात, लोकल पॅनलवरून सुरू करून खात्री, आणि मगच आयडलरला, पुलीला किंवा चुटीला हात. थर पाडताना वरच्या कन्व्हेयरचाही शटडाउन घ्या, नाहीतर खाली माणूस आणि वरून कोळसा.

रिकामा चालवून काय दिसलं आणि ढिगाचं शिखर कुठल्या बाजूला आहे ते इथेच लिहा. वरच्या कन्व्हेयरची हेड पुली या बेल्टला सरळ रेषेत आहे की काटकोनात, तेही कळवा. काटकोनात असेल तर डिफ्लेक्टर कुठे आणि कसा लावायचा ते मी रेखाटून पाठवतो.