शर्यतीवरील पैज: आधी भावाचा हिशेब

तुम्ही लिहिले आहे की गेल्या काही महिन्यांत तुम्ही निवडलेले बरेच घोडे जिंकले, तरी हातातली रक्कम घटतच गेली, आणि म्हणून जिंकणारा घोडा अधिक अचूक ओळखण्याची रीत तुम्हाला शिकायची आहे. तुमच्या वर्णनावरून मला असे वाटते की तुमची पारख वाईट नाही. त्या घोड्यांसाठी तुम्ही कोणता भाव स्वीकारता, तिथे पैसे गळत आहेत.

‘चारास एक’ या भावाने १०० लावले आणि घोडा जिंकला, तर नफ्याचे ४०० आणि मूळचे १०० असे ५०० हाती येतात. असा घोडा पाच वेळांत एकदा जिंकला तर आपण जेमतेम बरोबरीत राहतो. त्यामुळे त्याची जिंकण्याची शक्यता २० टक्क्यांहून अधिक असेल तरच ती पैज घेण्याजोगी ठरते. सर्वसाधारणपणे तीनांतली एक शर्यत फेव्हरिट, म्हणजे ज्यावर सर्वांत कमी भाव मिळतो तो लोकांच्या पसंतीचा घोडा, जिंकतो, आणि तरीही प्रत्येक शर्यतीत फेव्हरिटवरच पैसे लावणारा माणूस दीर्घकाळात तोट्यात जातो, कारण त्याची गुणवत्ता सर्वांना दिसत असते आणि ती भावात आधीच उतरलेली असते.

त्यात वाटणी घेणाराही असतो. पाच घोड्यांच्या शर्यतीत बुकीचे भाव दीडास एक, तीनास एक, चारास एक, पाचास एक आणि नवास एक असे असतील, तर त्यांतून निघणाऱ्या शक्यता अनुक्रमे ४०, २५, २०, १६.७ आणि १० टक्के होतात, आणि त्यांची बेरीज १०० ऐवजी सुमारे ११२ भरते. हे वरचे १२ बुकीच्या बाजूचे आहेत. टोटवर, म्हणजे जोसेफ ओलेर यांनी १८६७ च्या सुमारास पॅरिसमध्ये रूढ केलेल्या सामायिक निधीच्या पद्धतीत, ही वजावट उघडपणे आधीच काढून घेतली जाते. निधीत १०,००० जमा झाले, २० टक्के वजा झाले आणि तुमच्या घोड्यावर एकूण २,००० लागले असतील, तर ८,००० त्या २,००० वर वाटले जाऊन १०० ला ४०० मिळतील. लोकांच्या मते त्या घोड्याची शक्यता २० टक्के आहे, पण तुम्हाला बरोबरीसाठी २५ टक्के लागतात. शिवाय टोटचा अंतिम भाव खिडकी बंद झाल्यावरच ठरतो, हे विसरू नये. अनेक शर्यतींचे विजेते एकत्र सांगायच्या पैजांवर वजावट बहुधा याहून जास्त असते. शिकण्याच्या काळात त्यांपासून दूर राहावे, असे मी आग्रहाने सांगेन.

ज्यांवर मोठा भाव मिळतो, म्हणजे जे जिंकतील असे फारसे कोणाला वाटत नाही, त्या घोड्यांविषयीही सावध राहा. त्यांच्यावर लोक त्यांच्या खऱ्या शक्यतेपेक्षा अधिक पैसे लावतात, हे संशोधक ग्रिफिथ यांनी १९४९ मध्ये अमेरिकेतल्या शर्यतींच्या आकड्यांवरून दाखवले, आणि नंतर अनेक देशांत तसेच आढळले.

आता शक्यतेचा अंदाज कसा बांधायचा? भावाचा फलक पाहण्याआधी प्रत्येक घोड्यापुढे आपली टक्केवारी लिहावी आणि बेरीज १०० होते की नाही ते पाहावे. बेरीज जुळवण्याची ही सक्ती फार उपयोगी आहे, कारण एका घोड्याला वाढवायचे तर दुसऱ्या कोणाला तरी कमी करावे लागते. हा अंदाज मागच्या शर्यतींतल्या क्रमांकांवर बांधू नका. त्या क्रमांकामागचे कारण शोधा. समजा एखादा घोडा मागील शर्यतीत सुरुवातीपासून आघाडीवर राहून सहज जिंकला. त्या दिवशी पुढे धावणारा दुसरा घोडाच नव्हता आणि जॉकीला हवी तितकी संथ चाल ठेवता आली, तर तो विजय दिसतो तितका मोठा नाही. या वेळी पुढे धावणारे तिघे असतील तर ते एकमेकांना दमवतील आणि मागून येणाऱ्याचे फावेल. याउलट वळणावर वाट अडल्याने पाचवा आलेला घोडा लोकांच्या नजरेतून सुटतो आणि त्याचा भाव चांगला मिळतो. म्हणूनच शर्यतींची चित्रफीत पुन्हा पाहणे मला निकालपत्रक वाचण्याहून मोलाचे वाटते. अंतर, धावपट्टीचा ओलावा, पाठीवरचे वजन, शर्यतीचा दर्जा, सुरुवातीची जागा आणि मधली विश्रांती या बाबी त्यानंतर तपासाव्यात. निव्वळ वेळेची तुलना करताना विशेष जपावे, कारण ओल्या पट्टीवरची वेळ कोरड्या पट्टीवरच्या वेळेशी थेट ताडून पाहता येत नाही.

पैजेची रक्कम ठरवण्यासाठी संशोधक जॉन केली यांचे १९५६ चे सूत्र आधाराला घेता येते. चारास एक भाव आणि तुमच्या मते २५ टक्के शक्यता असेल, तर ते पैजांसाठी वेगळ्या ठेवलेल्या राखीव रकमेच्या ६.२५ टक्के लावायला सांगते. पण ही शक्यता आपलाच अंदाज आहे आणि तो बहुतेक वेळा आशावादी असतो, म्हणून याचा चौथा भाग, म्हणजे सुमारे दीड टक्का, पुरेसा आहे. २५ टक्के शक्यतेचे घोडे ओळीने दहा वेळा हरण्याची शक्यताही सुमारे साडेपाच टक्के असते. तेव्हा गेलेले भरून काढण्यासाठी पुढची पैज दुप्पट करणारा माणूस उत्तम पारख असूनही बुडतो. ही राखीव रक्कम सगळी गेली तरी घरखर्चाला धक्का लागणार नाही एवढीच असावी आणि कर्जाची तर कधीच नसावी.

प्रत्येक पैजेची नोंद ठेवा: तुमची टक्केवारी, घेतलेला भाव, शर्यत सुटतानाचा भाव आणि निकाल. थोड्या पैजांचा नफा-तोटा काहीच सिद्ध करत नाही, त्यासाठी काही शे नोंदी लागतात. पण तुम्ही घेतलेला भाव शेवटच्या भावापेक्षा सातत्याने चांगला आहे का, हे त्याआधीच कळू लागते. तो तसा नसेल तर रक्कम वाढवू नका, आणि या छंदाचा खर्च आधी ठरवून तेवढ्यातच राहा. सध्या एकाच अंतराच्या, ओळखीच्या घोड्यांच्या शर्यती निवडा, आणि ज्यांत निम्मे घोडे प्रथमच धावत आहेत त्या सरळ सोडून द्या.