अँग्युलर मटेरियलच्या विजेट्सना माझी सीएसएस लागत नाही, जिथे तिथे इम्पॉर्टंट लिहावं लागतं. काय चुकतंय?

अँग्युलर मटेरियल म्हणजे अँग्युलर या वेब-फ्रेमवर्कसाठीची तयार बटनं, फॉर्म-फील्ड वगैरे विजेट्सची लायब्ररी. तुमचं म्हणणं असं की टेलविंडही सोबत आहे, मॅट-फॉर्म-फील्डला रुंदी लागते पण आतला रंग बदलत नाही, सिलेक्टची उघडणारी यादी तर अजिबातच ऐकत नाही, आणि मित्र म्हणतो 'एनजी-डीप (कंपोनंटची स्टाइल आतल्या कंपोनंटपर्यंत पोचवणारा अँग्युलरचा सिलेक्टर) टाक, सुटेल'. तुमची सीएसएस चुकलेली नाही, ती पोचतच नाहीये. एनजी-डीपने ती पोचेल, पण त्याचं काय होतं ते मी भोगलंय, पुढे सांगतो. (नावं इथे नागरीत लिहितोय, एडिटरमध्ये अर्थातच रोमनमध्ये टाका.)

आधी क्रोममध्ये त्या फील्डवर राइट क्लिक करून इन्स्पेक्ट उघडा. तुम्ही टेम्प्लेटमध्ये लिहिलेल्या प्रत्येक टॅगवर 'अंडरस्कोअर एनजीकंटेंट' असं सुरू होणारं आणि पुढे अगम्य अक्षरं असलेलं एक ॲट्रिब्यूट दिसेल. हा अँग्युलरने मारलेला शिक्का. कंपोनंटच्या स्टाइलशीटमधल्या सिलेक्टरनाही तोच शिक्का जोडला जातो, एकाची स्टाइल दुसऱ्याच्या घरात घुसू नये म्हणून. आता मॅट-फॉर्म-फील्ड उलगडा. बाहेरच्या टॅगवर शिक्का आहे, कारण तो टॅग तुम्ही लिहिला. आतले डिव्ह मटेरियलने बनवलेत, त्यांच्यावर तुमचा शिक्का नाही. रुंदी बाहेरच्या टॅगची, म्हणून लागली. रंग आतल्या डिव्हचा, म्हणून राहिला.

सिलेक्टची यादी त्याच्याही पुढची. ती उघडी ठेवून इन्स्पेक्टमध्ये शोधा (उघडी राहत नसेल तर डेव्हटूल्समध्ये 'एम्युलेट अ फोकस्ड पेज' चालू करा). आमच्या आवृत्तीत ती तुमच्या फॉर्मच्या आत नसतेच, थेट बॉडीच्या शेवटी सीडीके-ओव्हरले-कंटेनर नावाच्या डिव्हमध्ये असते. डायलॉग, मेन्यू, तारखेचं कॅलेंडर, सगळी मंडळी तिथेच. तुमच्या फॉर्मच्या क्लासपासून सुरू होणारा सिलेक्टर तिथे जाणार तरी कसा? सिलेक्टला पॅनलक्लास नावाचं इनपुट आहे. त्यात स्वतःचा क्लास द्या आणि त्याचे नियम कंपोनंटच्या नव्हे, मुख्य स्टाइल्स फाइलमध्ये लिहा.

बटनाची गंमत वेगळी. मॅट-बटन हा टॅग नाही, तुमच्याच बटन टॅगवर लावलेलं ॲट्रिब्यूट आहे, त्यामुळे शिक्का बरोबर बसतो. तरी एका पानावर रंग लागतो, दुसऱ्यावर नाही, कारण तिथे सिलेक्टरच्या वजनाची (स्पेसिफिसिटीची) मारामारी आहे. दोन्ही नियमांचं वजन सारखं असलं की नंतर आलेला जिंकतो, आणि कंपोनंटच्या स्टाइल्स जसजशी पानं उघडतील तसतशा हेडमध्ये येत जातात. नंतर कोण येईल हे तुमच्या हातात राहत नाही.

आता एनजी-डीप. मी सोलापुरात असतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका चादर-टॉवेलच्या कारखान्यासाठी आम्ही ऑर्डर आणि डिस्पॅचचं ॲप केलं होतं. ऑर्डरच्या पानावर डिझाइन नंबर, रंग, साइज, गठ्ठे अशी एका ओळीत बरीच फील्ड, म्हणून मी सिलेक्ट अरुंद करायला एनजी-डीप टाकलं. त्याच्या आधी होस्ट (म्हणजे 'फक्त याच कंपोनंटच्या आत' असं सांगणारा सिलेक्टर) लावलं नाही. दोन दिवसांनी दिवाणजींचा फोन, "ओ सर, डिस्पॅचला पार्टीचं नाव अर्धंच दिसालंय की ओ. सकाळी पुरं दिसत हुतं." मी पान उघडलं, सगळं ठीक. ते म्हणतात नाही. शेवटी गाडीवर बसून कारखान्यात गेलो, त्यांच्या मागे उभा राहून बघितलं. ते आधी ऑर्डरचं पान उघडायचे, मग डिस्पॅच. मी थेट डिस्पॅच उघडत होतो. होस्टशिवायचं एनजी-डीप म्हणजे सगळ्या ॲपला लागू होणारा नियम, आणि तेव्हा आम्ही अँग्युलर १४ वर होतो, जिथे पान बंद झालं तरी त्याची स्टाइल हेडमध्ये तशीच राहायची. १७ पासून ती आपोआप काढली जाते, पण दोन्ही कंपोनंट एकाच वेळी स्क्रीनवर असले तर गळती आहेच. अँग्युलरवाल्यांनी एनजी-डीप कधीच कालबाह्य ठरवलंय. चालतं अजून, नाही असं नाही. वापरायचंच तर त्याच्या आधी होस्ट लिहा.

खरा दणका बसला १५ वर जाताना. नोव्हेंबर २०२२ च्या त्या आवृत्तीत मटेरियलने बहुतेक विजेट्स एमडीसीच्या (गूगलच्या मटेरियल डिझाइन कंपोनंट्स या लायब्ररीच्या) पायावर नव्याने बांधली. आतले डिव्ह बदलले, क्लासच्या नावांत मॅट-एमडीसी आलं. आतल्या क्लासला नाव घेऊन लिहिलेले माझे सगळे नियम एका रात्रीत मेले. काही काळ जुनी विजेट्स 'लेगसी' नावाने वापरता येत होती, १७ मध्ये तीही गेली. आतल्या क्लासची नावं हा त्यांचा खाजगी मामला, ती जपण्याचं वचन कुणी दिलेलंच नव्हतं. आपण कुणाच्या माजघरात शिरून भांडी लावायची आणि मग त्यांनी ती हलवली म्हणून ओरडायचं, असा तो प्रकार होता.

मग रंग द्यायचा कसा? आमच्या दिवाणजींना हे समजावताना त्यांनीच मला शिकवलं. जकार्डवरच्या चादरीतलं फूल छापलेलं नसतं, विणलेलं असतं. लाल फूल हिरवं हवं असेल तर वरून ब्रश फिरवून भागत नाही, मागावर धागाच हिरवा लावावा लागतो. मटेरियलमध्ये हा धागा म्हणजे सीएसएस व्हेरिएबल. विजेटच्या आतला डिव्ह स्वतःचा रंग व्हेरिएबलमधून वाचतो, आणि व्हेरिएबल वारशाने वरून खाली येतं, त्याला शिक्का आडवा येत नाही. आम्ही आता १९ वर आहोत. तिथे मुख्य फाइलमध्ये मॅट डॉट थीम हे मिक्सिन (सासमधला तयार नियमांचा गठ्ठा) लावलं की मॅट-सिस-प्रायमरीसारखी व्हेरिएबल तयार होतात. एखाद्याच विजेटचं वेगळं करायचं तर मॅट डॉट फॉर्म-फील्ड-ओव्हरराइड्स हे मिक्सिन आहे. त्याला फिल्ड-कंटेनर-कलर (यातलं 'फिल्ड' म्हणजे भरीव, फॉर्म-फील्डमधलं 'फील्ड' नव्हे) हे नाव आणि तुमचा रंग द्या, झालं. हे एखाद्या क्लासच्या आत लिहिलंत तर त्या क्लासच्या खालच्या फील्डनाच लागतं, बाकी ॲप शाबूत.

फक्त सिलेक्टच्या यादीचं विसरू नका. ती बॉडीच्या शेवटी असल्यामुळे तुमच्या क्लासवर लावलेलं व्हेरिएबल तिला वारशाने मिळत नाही. तिथे पुन्हा पॅनलक्लासच.

उंचीसाठीही पॅडिंगशी झटू नका. फॉर्म-फील्डची मूळ उंची ५६ पिक्सेल आहे आणि थीममध्ये डेन्सिटी (विजेट किती दाट बसवायचं तो आकडा) उणे करत गेलात की दर पायरीला ४ पिक्सेल कमी होतात. फार आवळलंत तर भरीव प्रकारात तरंगतं लेबलच लपतं. मी ते बघितलं नाही आणि दोन दिवस लेबल शोधत बसलो.

तुम्ही टेलविंडही (तयार सीएसएस क्लासची लायब्ररी) वापरता असं लिहिलंय, आणि ते ४ असेल तर अर्धं भांडण तिथलंच असणार. टेलविंड ४ आपले क्लास कॅस्केड लेयरमध्ये (सीएसएसमधल्या नियमांच्या थरात) टाकतं. मटेरियलची सीएसएस कुठल्याच लेयरमध्ये नसते. लेयरबाहेरचा साधा नियम लेयरमधल्याला हरवतो, तिथे वजनबिजन बघितलंच जात नाही. म्हणजे मटेरियलच्या बटनावर तुम्ही टेलविंडचा रंगाचा क्लास कितीही प्रेमाने लावा, मटेरियलनेही तोच गुण ठरवलेला असेल तर तुमचा हरणार. आम्ही वाटणी केलीय: विजेटच्या बाहेरची मांडणी, म्हणजे ग्रिड, अंतरं, टेलविंडकडे. विजेटच्या आतलं सगळं ओव्हरराइड्सकडे.

तुमच्या प्रोजेक्टमधले इम्पॉर्टंट एकदम काढायला जाऊ नका. एकेक काढा, इन्स्पेक्टमध्ये बघा की तो नियम पोचत नव्हता, वजनात हरत होता की लेयरमध्ये. सिलेक्टच्या यादीपासून सुरुवात करा, ते दहा मिनिटांचं काम आहे. त्यानंतरही अडलं तर अँग्युलरची आवृत्ती आणि इन्स्पेक्टचा स्क्रीनशॉट टाका, मी रात्री बघतो. दिवसा इथे ऊनही फार आणि फोनही फार.