वाहन-प्रश्नोत्तरे : डिझेल इंजिन बसले, पण जीप चालेना

प्रश्न : आमच्या कुळागरात आजोबांनी घेतलेली १९७१ सालची सीजे-३बी जीप आहे. मूळ पेट्रोल इंजिनाचा ब्लॉक तडकल्यामुळे ते उतरवून, भंगारात निघालेल्या महिंद्रा जीपचे एक्सडीपी ४.९० डिझेल इंजिन बसवून घेतले. गिअरबॉक्स जुनाच, तीन गिअरचा, ठेवला आणि मधे लेथवर तयार करून घेतलेली प्लेट घातली. चवथीला जीप रस्त्यावर आली आणि दिवाळीच्या आधीच पुन्हा शेडमध्ये गेली. क्लच शाफ्टचे बेअरिंग दोनदा गेले, चढणीला दुसरा गिअर आपोआप सुटतो, चोर्ला घाटात रेडिएटरचे पाणी उकळते आणि वीसेक किलोमीटर गेल्यावर इंजिन गुदमरून बंद पडते. अर्धा तास थांबले की पुन्हा सुरू होते. मेस्त्री म्हणतात, इंजिनच फुकट गेलेले आहे, दुसरे आणा. आणावे का? — एक वाचक, वाळपई

उत्तर : आणू नये, निदान आताच नाही. आपण सांगितलेल्या चार तक्रारींपैकी एकही इंजिनाच्या पोटातली आहे असे पत्रावरून दिसत नाही. चारही तक्रारी इंजिन आणि जीप जिथे एकमेकांना भेटतात त्या जागांच्या आहेत, आणि तिथे दुरुस्ती न करता दुसरे इंजिन चढवले तर येत्या शिगम्याला आपण मला हेच पत्र पुन्हा लिहाल.

सर्वांत आधी ती प्लेट पाहावी, कारण बाकीचे दोष जीप थांबवतात, हा दोष मात्र जीप मोडतो. अशी प्लेट आपल्याकडे बहुधा कशी तयार होते हे मी अनेक गॅरेजांत पाहिले आहे. बेल हाउसिंगच्या (क्लच झाकणाऱ्या घंटेसारख्या डब्याच्या) तोंडाला ग्रीस फासून पुठ्ठ्यावर ठसा घेतात, त्यावरून छिद्रे पाडतात, आणि बोल्ट सहज जावेत म्हणून दहाच्या बोल्टाला अकराचे छिद्र ठेवतात. बोल्ट घट्ट आवळला म्हणजे गिअरबॉक्स जागेवर बसला, अशी समजूत त्यामागे असते. पण त्या एक मिलिमीटरच्या सैलपणात गिअरबॉक्स स्वतःच्या वजनाने खाली उतरतो आणि तसाच आवळला जातो, म्हणजे क्लच शाफ्टचा मध्य क्रँकच्या (इंजिनाच्या मुख्य फिरत्या दांड्याच्या) मध्यापेक्षा सुमारे अर्धा मिलिमीटर खाली राहतो. शाफ्टचे टोक तर क्रँकच्या मागच्या तोंडातील पायलट बुशात (टोकाला आधार देणाऱ्या लहान नळकांड्यात) अडकलेले असते. इंजिन मिनिटाला १५०० फेरे फिरत असेल, तर तो शाफ्ट मिनिटाला १५०० वेळा वाकवला जातो. बेअरिंग हा छळ काही आठवडे सोसते. नंतर त्याच्या सैलपणामुळे गिअरचे दाते एकमेकांपासून तिरके होतात आणि जोर पडला की गिअर सुटतो. आपली पहिली आणि दुसरी तक्रार अशी एकाच मुळातून आलेली असण्याचा संभव मोठा आहे.

खात्री करून घेणे अवघड नाही. गिअरबॉक्स उतरवून पायलट बुश बोटाने चाचपावा. त्याचे तोंड भोंग्यासारखे पसरले असेल तर शंका जवळजवळ मिटली. मग ज्या लेथवाल्याने प्लेट केली त्याच्याकडचीच डायल गेज (काट्यावर बारीक फरक दाखवणारे मापयंत्र) मागून आणावी, कारण ती नसलेला लेथवाला सहसा सापडत नाही. क्लच प्लेट आणि प्रेशर प्लेट काढून, गेजचा चुंबकी पाया फ्लायव्हीलवर बसवावा, काट्याची टोकणी गिअरबॉक्स ज्या गोल भोकात बसतो त्याच्या आतल्या कडेला टेकवावी आणि क्रँक हाताने, सावकाश, पूर्ण एक फेरा फिरवावा. काट्याची एकूण हालचाल पाव मिलिमीटरच्या आत असावी. प्रत्यक्ष चूक तिच्या निम्मी असते. हेच माप त्या भोकाच्या सपाट तोंडावरही घ्यावे, कारण प्लेट एका बाजूला जाड आणि दुसऱ्या बाजूला पातळ असेल तर शाफ्ट मध्यावर असूनही तिरका राहतो. माप जुळेपर्यंत प्लेट लाकडी हातोडीने हलके हलके सरकवावी, बोल्ट आवळावेत, पुन्हा मोजावे आणि मग दोन डॉवेल पिनांची छिद्रे रीमरने (छिद्र अचूक मापाला आणणाऱ्या हत्याराने) पूर्ण करून पिना ठोकाव्यात. बोल्टाचे काम आवळून धरण्याचे. जागा राखण्याचे काम पिनेचे. हे सर्व होईपर्यंत इंजिनाच्या फाउंडेशनांना (इंजिन चेसिसवर ज्यांवर टेकते त्या आधारांना) हात लावू नये. माझ्या पहिल्या जीपच्या वेळी मी फाउंडेशने आधी वेल्ड केली होती आणि नंतर मध्य जुळवताना ती कापून पुन्हा वेल्ड करावी लागली. चेसिसवरचे ते व्रण अजूनही रंगाखालून दिसतात.

माप जुळूनही गिअर सुटत राहिला, तर मात्र पन्नास वर्षांच्या गिअरबॉक्सची स्वतःची झीज गृहीत धरून तो उघडावा. डिझेलबरोबर आलेला गिअरबॉक्सच बसवावा असा सल्ला आपल्याला कोणीतरी देईल. तो मोह आवरावा. या जीपच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधील अंतर अवघे ८० इंच आहे. गिअरबॉक्स लांब झाला की ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटून देणारी पेटी) मागे सरकते, मागच्या चाकांकडे जोर नेणारा प्रोपेलर शाफ्ट आखूड होतो आणि त्याच्या क्रॉसवरचा, म्हणजे सांध्यावरचा, कोन इतका वाढतो की खड्ड्यात चाक खाली गेले की क्रॉस खटखटू लागतो.

आता घाटातील उकळण्याविषयी. १९५३ साली विलीज कंपनीने सीजे-३बीमध्ये नवे एफ-हेड इंजिन घातले, तेव्हा ते उंच असल्यामुळे खुद्द कंपनीला जीपचे बॉनेट उंचवावे लागले होते. या जीपचा तो उभट चेहरा तेथून आलेला आहे. तेव्हा इंजिन बदलताना आजूबाजूचे काहीच बदलणार नाही ही अपेक्षा मुळात चुकीची. आपल्या जीपमध्ये तीन गोष्टी पाहाव्यात. पंखा रेडिएटरपासून किती दूर राहिला आहे, त्याचा मध्य रेडिएटरच्या मध्याशी येतो का, आणि पंख्याभोवती पत्र्याचे आवरण आहे का. आवरण नसेल तर पंखा समोरची ताजी हवा ओढण्याऐवजी इंजिनाभोवतीची तापलेली हवाच घुसळत राहतो. सपाटीवर गाडीच्या वेगाने मिळणारा वारा हा दोष झाकतो आणि घाटात, पहिल्या-दुसऱ्या गिअरवर, तो उघडा पडतो. याशिवाय थर्मोस्टॅटचे घर रेडिएटरच्या टोपणापेक्षा उंच आले असेल, तर पाणी भरताना हवा तिथेच अडकते. अशा वेळी जीपचे नाक चढावर ठेवून पाणी भरावे आणि सर्वांत उंच जागी हवा काढण्याचा लहान नळ बसवावा. जुना रेडिएटर उलटा करून सोडलेले पाणी सर्व नळ्यांतून येते का, हेही पाहून घ्यावे. ही पाहणी होईपर्यंत वॉटर बॉडी, म्हणजे पाण्याचा पंप, बदलण्यात पैसे घालू नयेत.

वीस किलोमीटरनंतर बंद पडण्याचे कारण सीटखालच्या पेट्रोल टाकीत असावे. वर्षानुवर्षांचा गंज आणि पेट्रोलची चिकट साय टाकीच्या भिंतीला धरून असते; डिझेल ती हळूहळू सोडवते, ती सक्शन पाइपाच्या तोंडाशी जमते, इंजिन उपाशी राहते, आणि थांबल्यावर तो गाळ पुन्हा खाली बसतो, म्हणून अर्ध्या तासाने जीप शहाण्यासारखी सुरू होते. दुसरे कारणही तितकेच संभवते. डिझेल इंजिनाच्या नोझलांतून उरलेले इंधन टाकीत परत जावे लागते, आणि पेट्रोलच्या जुन्या टाकीला तशी परतीची वाटच नसते. पुष्कळ ठिकाणी ही परतीची नळी ‘टी’ लावून पुरवठ्याच्या नळीतच जोडतात, त्यामुळे हवेचे बुडबुडे टाकीत सुटून न जाता फिरून फिरून पंपातच येतात. फीड पंपाच्या (टाकीतून डिझेल ओढणाऱ्या पंपाच्या) आधी वीतभर पारदर्शक नळी बसवावी आणि दोन्ही नळ्या पाच लिटरच्या स्वच्छ कॅनमध्ये सोडून वाळपई ते होंडा गाव अशा दोन फेऱ्या माराव्यात. जीप कॅनवर नीट चालली तर दोष टाकीचा किंवा तिच्या नळ्यांचा, आणि खर्च नव्या टाकीइतकाच.

एक किरकोळ सूचना. मूळ जीपचे वायपर इंजिनाच्या ओढीवर, म्हणजे व्हॅक्यूमवर, चालत असतील तर डिझेलवर ते चालणार नाहीत. सत्तरी तालुक्याच्या पावसात हे कळण्यापेक्षा आताच विजेवर चालणारे बसवून घ्यावेत.

प्रश्न : जीपचे पत्राकाम आणि रंगकाम करून इंजिन नव्या रबरी फाउंडेशनांवर बसवले. बॅटरी नवी आहे, तरी स्टार्टर जेमतेम फिरतो आणि ॲक्सिलरेटरची केबल हाताला चटका बसेल इतकी तापते. स्टार्टर बदलावा का? — एक वाचक, काणकोण

उत्तर : स्टार्टर बहुधा निर्दोष आहे. रबरामुळे इंजिन चेसिसपासून विजेच्या दृष्टीने तुटले आहे आणि जुनी अर्थिंगची पट्टी रंगकामाच्या वेळी काढून ठेवून परत लावायची राहिली असावी. स्टार्टरला लागणारा शेकडो अँपिअरचा प्रवाह आता परत जाण्यासाठी ॲक्सिलरेटरची बारीक तार शोधून काढतो, म्हणून ती तापते. बॅटरीच्या केबलइतकी जाड पट्टी इंजिनाच्या ब्लॉकपासून चेसिसपर्यंत लावावी, दोन्ही टोकांखालचा नवा रंग, वाईट वाटले तरी, लोखंड चमकेपर्यंत खरवडावा आणि आवळल्यावर वरून ग्रीस लावावे. आपल्याकडील खाऱ्या वाऱ्यात ती जागा दर पावसाळ्यानंतर एकदा उघडून पाहणे इष्ट. तोपर्यंत स्टार्टर मारू नये. केबल वितळून ॲक्सिलरेटर उघडाच अडकू शकतो.

प्रश्न : ‘जीडी’ (गोवा, दमण, दीवच्या जुन्या) क्रमांकाची १९६८ सालची जीप मूळ पेट्रोल इंजिनासह घेतली आहे. कागदपत्रे पूर्ण आहेत, इंजिन धूर ओकते. डिझेल बसवून नंतर व्हिंटेज म्हणून नोंदणी करता येईल का? — एक वाचक, मडगाव

उत्तर : दोन्ही गोष्टी एका जीपवर साधणार नाहीत. केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुने दुचाकी वा चारचाकी वाहन व्हिंटेज ठरते, पण ते मूळ रूपात राखलेले असावे लागते आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात फेरबदल झालेला चालत नाही. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये, ती दहा वर्षे टिकते, क्रमांकात ‘व्हीए’ ही अक्षरे येतात, आणि असे वाहन रोजच्या किंवा धंद्याच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही.

इंजिन बदलण्याचा प्रश्न मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ खाली येतो. नोंदणीतील तपशील उत्पादकाने मूळ ठरवलेल्या तपशिलाशी विसंगत होईल असा बदल त्या कलमाने मना केला आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये त्याचा अर्थ काटेकोरपणेच लावला. त्याच जातीचे इंजिन घालणे आणि पेट्रोलच्या जागी वेगळ्या जातीचे डिझेल घालणे, या दोहोंत त्यामुळे फार अंतर पडते. वाळपईच्या वाचकांनीही हे लक्षात घेऊन, पुढची कापाकापी करण्याआधी, इंजिनाच्या खरेदीची पावती आणि नोंदणीपुस्तक घेऊन वाहतूक खात्यात जाऊन यावे. मडगावच्या वाचकांनो, आपले इंजिन मात्र अजून जागेवर आहे, ही आपली मोठी मिळकत आहे. चारही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (आतला दाब) मोजून घ्या; रिबोअर (झिजलेला सिलिंडर आतून पुन्हा कोरणे), पिस्टन आणि व्हॉल्व्हचे काम एवढ्यावर धूर थांबत असेल, तर माझ्या मते डिझेलचा विचार सोडून द्यावा. मोजलेले आकडे पुढच्या पत्रात कळवावेत.