नगरसेवकपदाची तयारी करा, पण नोकरी सोडू नका

प्रश्न : मी 39 वर्षांची, सांगली जिल्ह्यातल्या एका ब वर्ग नगरपरिषदेच्या गावात राहते. खासगी रुग्णालयात लेखापाल आहे, पगार 34 हजार. पतीचा छपाईचा व्यवसाय, महिन्याला सरासरी 30 हजार सुटतात. त्यातले सात-आठ हजार नगरपरिषदेच्या कामांतून. घराचा हप्ता 14 हजार. मुलगी नववीत. सहा लाखांची मुदत ठेव, 12 तोळे सोनं आणि मुलीच्या नावाने पाच हजारांची एसआयपी आहे. सगळं भागून महिन्याला नऊ-दहा हजार शिल्लक राहतात. पुढच्या निवडणुकीत नगरसेवकपदासाठी उभं राहायचं ठरवलंय. भाऊ म्हणतो, आत्तापासून नोकरी सोडून प्रभागात उतर. पैसे कमी पडले तर ठेव मोड, सोनं गहाण ठेव. काय करू?

ताई, उभ्या राहा. हिशेब कळणारं माणूस पालिकेच्या सभागृहात हवंच, आणि अंदाजपत्रक वाचता येणाऱ्या बाईची तिथे किती गरज आहे हे मी वेगळं सांगायला नको. भावाच्या सल्ल्यातलं नोकरी सोडणं मात्र मला अजिबात पटत नाही.

तारखेपासून सुरुवात करू. आपल्याकडच्या बहुतेक नगरपरिषदांची निवडणूक 2016 च्या अखेरीस झाली होती. पुढची 2021 मध्ये व्हायला हवी होती, ती झाली 2025 च्या डिसेंबरात. मधली वर्षं प्रशासकाच्या हाती गेली. 2021 च्या भरवशावर ज्यांनी घरचं उत्पन्न थांबवलं, त्यांना आणखी चार वर्षं कशी काढावी लागली असतील याचा विचार करा. कागदोपत्री पुढची निवडणूक 2030 च्या अखेरीला येते. त्यावर तुमच्या 34 हजारांचं भवितव्य सोपवू नका.

प्रभागाचंही तसंच. आरक्षणाची सोडत निवडणुकीच्या तोंडावर निघते, प्रभागांच्या हद्दीही बदलतात. निम्म्या जागा महिलांच्या आणि सर्वसाधारण जागेवरही तुम्हाला लढता येतं, म्हणजे दार उघडं राहण्याची शक्यता चांगली आहे. तरीही आज ज्या गल्ल्यांत हळदीकुंकू आणि कॅलेंडरांवर पैसे घालाल, त्या उद्या तुमच्या प्रभागात असतीलच असं नाही. म्हणून पहिली तीन वर्षं पैसा न लागणारी कामं करा : नळाच्या तक्रारींचा पाठपुरावा, घरपट्टीच्या बिलांतल्या चुका, निराधार योजनेचे अर्ज. लेखापालाला हे सहज जमतं आणि संध्याकाळी, रविवारी होतं.

आता खर्च. 2025 च्या निवडणुकीत राज्य निवडणूक आयोगाने ब वर्ग नगरपरिषदेच्या सदस्यपदासाठी साडेतीन लाखांची मर्यादा ठेवली होती. पुढच्या वेळी ती बदलू शकते, पण अंदाजाला हा आकडा पुरेसा आहे. माझ्या मते तुमच्या घराची मर्यादा याहून कमी हवी : तीन लाख, आणि तेही हरलो तर गेले असं समजून. कारण जिंकलात तरी ते परत येत नाहीत. मुंबई महापालिकेच्या नगरसेवकाला 2017 पासून महिन्याला 25 हजार मानधन आहे. नगरपरिषदेच्या सदस्याला मिळणारा सभेचा भत्ता घरखर्चाच्या हिशेबात धरण्याजोगा नाही. सोनं गहाण ठेवलंत तर त्याचं व्याज कोण भरणार? तुमचा पगारच. आणि ते पगारातून फिटेना झालं, तर ठेकेदारांच्या दारात जायची वेळ येते. तुम्ही ज्यासाठी उभ्या राहताय, त्याच्या बरोबर उलट हे होईल.

शिलकीतून पाच हजारांची आवर्ती ठेव चार वर्षांसाठी सुरू करा. साडेसहा टक्के व्याज धरलं तरी पावणेतीन लाखांच्या आसपास जमतील. निवडणूक पुढे गेली तर रक्कम वाढतच राहील. शेअर बाजारातल्या फंडात हे पैसे नकोत. ऐन अर्ज भरायच्या महिन्यात बाजार पडलेला असला तर थांबायला वेळ नसतो. मुलीची एसआयपी आणि सहा लाखांची ठेव यांना हात लावायचा नाही. तिची बारावी 2030 ला होते, म्हणजे कॉलेजची पहिली फी आणि तुमचा प्रचार एकाच सहामाहीत येणार आहे.

मदत करणारे भेटतील, घ्यायला हरकत नाही. भाऊ, आईवडील यांनी दिलेल्या रकमेवर कर नाही. पण मित्र, शेजारी यांच्याकडून वर्षभरात एकूण 50 हजारांच्या वर मिळाले तर ती सगळी रक्कम तुमच्या उत्पन्नात धरली जाते. 20 हजार किंवा जास्त उसने रोख घेऊ नका, बँकेतूनच घ्या. प्रचाराचा खर्च आयकरात वजा मिळत नाही. शेवटच्या दोन रात्रींत कार्यकर्ते मतदारांना पैशांची पाकिटं वाटायचा आग्रह धरतील. ते वाटप गुन्हा आहे, आणि त्याला अंत नाही. नकार आजच ठरवा.

सगळ्यात नाजूक बाब यजमानांच्या छपाईची. नगरपरिषदेच्या कंत्राटात उमेदवाराचा प्रत्यक्ष किंवा अप्रत्यक्ष हितसंबंध असेल तर तो अपात्र ठरतो. तुमच्या बाबतीत हे कितपत लागू पडतं ते पालिका कायदा जाणणाऱ्या वकिलाकडून लेखी घ्या, आणि छपाईत तुमची भागीदारी असेल तर तेही त्यांना सांगा. मी तरी ते सात-आठ हजार निवडणुकीच्या वर्षाआधीच गेले असं धरेन. यजमानांना आत्तापासून शाळा, लग्नपत्रिका, दुकानं अशी बाहेरची कामं वाढवायला सांगा. तसं झालं नाही तर शिलकीतले नऊ-दहा हजार दीड-दोनवर येतील आणि आवर्ती ठेवेचा हप्ताही अडेल.

घरपट्टी, पाणीपट्टीची थकबाकी ठेवू नका, त्यावरूनही अर्ज अडतो. अर्ज भरताना निवडणुकीसाठी वेगळं बँक खातं उघडा, सगळा खर्च त्यातूनच करा आणि निकालानंतर 30 दिवसांत हिशेब द्या. हरलात तरी द्यावा लागतो. न देणाऱ्यांना आयोग निवडणूक लढवायला काही काळ अपात्र ठरवू शकतो.

रुग्णालयात एकदा विचारून ठेवा की प्रचाराच्या महिन्यात बिनपगारी रजा मिळेल का, आणि निवडून आल्यास सभांसाठी सवलत देतील का. नेमणूकपत्रात निवडणुकीबद्दल अट आहे का, तेही पाहा. उत्तर नकारार्थी आलं तर मला पुन्हा लिहा. तेव्हा बाहेरची हिशेबाची कामं घेऊन पगाराची जागा किती भरते ते आपण आकड्यांत पाहू.