पात्राच्या भूमिकेत मुलाखतीला बसणार आहेस, तर हे आधी कर

गॅदरिंगच्या टॉक शोमध्ये तू 'पेठेतले निवृत्त काका' म्हणून पाहुणा जाणार, हे वाचून फार आनंद झाला. जमेल तुला. सुरुवातीला थोडंच सांभाळ.

१. विनोद पाठ करू नकोस, माणूस पाठ कर. काका कुठल्या वाड्यात वाढले, शेजाऱ्यांशी अबोला कशावरून, दुपारी बेल वाजली तर काय म्हणतात, हे वहीत लिही. मग अनपेक्षित प्रश्नालाही उत्तर सुचतं. ब्रिटिश विनोदी नट साशा बॅरन कोहेन २००६ मध्ये बोरात, म्हणजे त्याच्या सिनेमातला कझाक पत्रकार, बनूनच मुलाखती देत होता, आणि कुठलाही प्रश्न आला तरी उत्तर बोरातचंच असायचं.

२. सूत्रसंचालकाला हरवायचं नाही. तो जितक्या गंभीरपणे विचारेल, तितकं लोक हसतील. तीन प्रश्न आधी ठरवा, बाकी मोकळे ठेवा. त्याचं वाक्य मध्येच तोडणं ही नव्यांची सगळ्यात मोठी चूक.

३. विंगेतून निघाल्यापासून परत जाईपर्यंत तू काकाच. माझ्या पहिल्या प्रयोगात मित्राने खऱ्या नावाने हाक मारली आणि मी वळून पाहिलं. तिथेच पात्र सुटलं, पुढची दहा मिनिटं परत हाती लागलं नाही. हशा आला की थांब. चष्मा काढ, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पूस.

विग, मिशी नको. एक कापडी पिशवी मांडीवर घट्ट धरून बस, पुरे. आवाज बदलणं वगैरे दोन-तीन प्रयोगांनंतर बघू. तालीम मात्र आजपासून, आणि खुर्चीत बसूनच.