पहिल्या वर्षी एवढंच कर

अगं, तिसरीतला एक मुलगा वाचताना अडखळतो म्हणून इतकी घाबरू नकोस. ऐरोलीच्या शाळेत शिकवायला लागले तेव्हा पहिल्या वर्षी मी अशाच एकाला 'आळशी' म्हणून मोकळी झाले होते. फळ्यावरचं 'कमळ' वहीत 'कळम' व्हायचं, तोंडी विचारलं की अख्खा धडा घडाघडा. मला उमगायला दिवाळी उजाडली!

आधी महिनाभर नोंदी ठेव: काय चुकतं, कुठल्या तासाला, काय मात्र छान जमतं. निदान करणं आपलं काम नाही, त्यामुळे पालकांपुढे 'डिस्लेक्सिया' (बुद्धी चांगली असूनही वाचन-लेखन अवघड जाणं) हा शब्द काढूच नकोस. नोंदी दाखव, तपासणी सुचव.

वर्गात तीनच गोष्टी:
- पुढच्या बाकावर बसव, खिडकीपाशी नको.
- एका वेळी एकच सूचना दे.
- सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावू नकोस. (ही चूक सगळेच करतात, 'सवय होईल' म्हणून.)

अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सिया त्यातलाच एक प्रकार) २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत येते. प्रमाणपत्र असेल तर बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळतात. पण दहावी लांब आहे. वैयक्तिक शिक्षण आराखडा (म्हणजे खास त्याच्यासाठी आखलेली शिकवण्याची योजना) वगैरे नंतर बघू. सोमवारी येताना त्याची शुद्धलेखनाची वही तेवढी घेऊन ये.